न वटलेली कुपनं

[दृश्य : टेबलावर उलगडलेला मोठा रोखा. कॅमेरा वरून सावकाश खाली येतो.]

हा रोखा 1863 सालचा. अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली, त्यांनी कॉन्फेडरसी नावाचं आपलं वेगळं सरकार थाटलं, आणि उत्तरेकडच्या राज्यांशी चाललेल्या लढाईच्या खर्चासाठी त्या सरकारनं लोकांकडून कर्ज काढलं. त्या कर्जाचा हा कागद. वर मजकूर आणि शाईची सही. खाली ओळीनं कुपनं. दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, मालकानं एक कूपन कात्रीनं कापायचं, ते जमा करायचं आणि व्याज घ्यायचं.

आता कात्री कुठपर्यंत चालली ते पाहा. सुरुवातीची कुपनं गेलेली आहेत. काठ थोडा वाकडा आहे, कापणाऱ्याला घाई असावी. तिथून पुढची सगळी कुपनं जागच्या जागी. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला आणि व्याज देणारं सरकारच उरलं नाही. 1868 मध्ये राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनं ही कर्जं बेकायदा आणि रद्दबातल ठरवली. त्या युद्धावर कपाटंच्या कपाटं भरतील इतकी पुस्तकं आहेत. पण एक सरकार कुठं संपलं ते बोट ठेवून दाखवायचं, तर बोट इथं ठेवावं लागतं.

[दृश्य : इंग्रजी आणि फ्रेंच मजकुराचा रोखा.]

हा त्याच सरकारचा दुसरा रोखा, युरोपात विकलेला. मार्च 1863 मध्ये पॅरिसच्या एमिल एर्लांगर यांच्या पेढीनं 30 लाख पौंडांचं हे कर्ज बाजारात आणलं. व्याज 7 टक्के. रक्कम कशी लिहिली आहे ते वाचा : 100 पौंड, 2,500 फ्रँक, 4,000 पौंड वजनाचा कापूस. पैसे नकोत तर कापूस घ्या, एक पौंड वजनाला 6 पेन्स दरानं. लिव्हरपूलला तेव्हा भाव याच्या तिपटीहून वर होता. अडचण एकच. उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं रोखून धरली होती, आणि कापूस त्यातून बाहेर काढायचा होता.

ही नाकेबंदी आपल्याकडेही पोचली. अमेरिकेचा कापूस थांबला तशा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातली मुंबईतली शेअरची लाट आणि बॅक बेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीची धामधूम याच पैशावर उभी राहिली. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा बाजार कोसळला. म्हणून हा रोखा मराठी माणसानं एकदा तरी नीट पाहावा असं मला वाटतं. आपल्या शहराच्या गोष्टीचा निम्मा भाग या कागदावर आहे.

[दृश्य : 1862 ची 100 डॉलरची नोट, भिंगाखाली.]

कॉन्फेडरसीची नोट. मधोमध कापसाच्या शेतात राबणारी गुलाम माणसं. या सगळ्या कर्जामागचा कापूस त्यांनी पिकवला.

[दृश्य : भिंग सरकतं. रेल्वेच्या शेअर सर्टिफिकेटवरचं कोरीव चित्र.]

आता चित्राकडे येऊ. हा रेल्वे कंपनीचा शेअर. भिंगातून बघा, इंजिनाचा धूर, फलाटावरचा माणूस, त्याच्या कोटाची घडी, सगळं नुसत्या रेघांचं आणि ठिपक्यांचं आहे. कारागीर पोलादाच्या पत्र्यावर, उलट्या बाजूनं, टोकदार हत्यारानं एकेक रेघ कोरायचा. चेहरे कोरणारा वेगळा, अक्षरं कोरणारा वेगळा. कडेची ही जाळीदार वेलबुट्टी मात्र हाताची नाही. ती यंत्राची आहे, आणि यंत्राची चाकं कोणत्या जुळणीनं लावली होती हे कळल्याशिवाय तिची नक्कल करणं जवळजवळ अशक्य.

मूळ पत्रा झिजू नये यासाठी मॅसॅच्युसेट्सच्या जेकब पर्किन्सनं एक युक्ती रूढ केली. मऊ पोलादावर कोरायचं, मग ते पोलाद कडक करायचं. त्यावर मऊ पोलादाचा रूळ दाबून फिरवायचा, की चित्र रुळावर उठतं. मग रूळ कडक करायचा आणि त्यानं हवे तितके नवे पत्रे उठवायचे. छपाईच्या वेळी खाचांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून लख्ख करायचा आणि ओलसर कागदावर प्रचंड दाब द्यायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलून आणतो. म्हणून इतक्या वर्षांनीही बोट फिरवलं की रेघ हाताला लागते.

1858 मध्ये अशा सात छापखान्यांनी एकत्र येऊन अमेरिकन बँक नोट कंपनी काढली. नोटा छापणारेच हात शेअरही छापत. नोंदणी झालेल्या कंपनीच्या सर्टिफिकेटवर माणसाची स्पष्ट आकृती हवी, असा न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजचा नियम होता. बनावट कागद करणाऱ्याचा हात चेहऱ्यावर हमखास घसरतो.

[दृश्य : 1860 च्या दशकातलं अमेरिकन एक्स्प्रेसचं सर्टिफिकेट. लाल तिकीट जवळून.]

अमेरिकन एक्स्प्रेस. 1850 मध्ये स्थापन झाली तेव्हा ती पार्सलं आणि पैसे पोचवणारी कंपनी होती. खाली सह्या आहेत तिच्या संस्थापकांपैकी हेन्री वेल्स आणि विल्यम फार्गो यांच्या. आणि हे लाल तिकीट, 25 सेंट, वर वॉशिंग्टनचा चेहरा. युद्धाचा खर्च भागवायला 1862 मध्ये उत्तरेच्या सरकारनं कागदपत्रांवर कर बसवला. शेअर सर्टिफिकेटला 25 सेंट. तिकिटावर शाईनं आद्याक्षरं आणि तारीख घातली आहे, ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून.

हे तिकीट इथं शाबूत आहे, याचं मोल फार मोठं आहे. तिकिटं जमवणाऱ्यांनी असे कितीतरी कागद पाण्यात भिजवून तिकिटं सोडवली. सह्या जमवणाऱ्यांनी खालची पट्टी कापून घेतली आणि वरचा कागद टाकून दिला. सुटं तिकीट सांगतं 25 सेंट, एवढंच. कोणी भरले, कशासाठी, कोणत्या दिवशी, ते कागदाबरोबर गेलं. रद्द करताना कंपनीनं स्वतः भोकं पाडली असतील तर ती राहू द्यावीत, ती या कागदाच्याच इतिहासातली आहेत. संग्राहकाच्या कात्रीला मात्र माझ्याकडे क्षमा नाही.

[दृश्य : वॉल स्ट्रीटची जुनी छायाचित्रं, कागदांचे ढीग.]

1968 मध्ये वॉल स्ट्रीटवर कागद इतके साचले की नोंदी पुऱ्या करायला बाजार कित्येक महिने दर बुधवारी बंद ठेवावा लागला. त्यातून 1973 मध्ये मध्यवर्ती डिपॉझिटरी आली. सर्टिफिकेटं तिजोरीत गेली आणि व्यवहार नोंदींवर होऊ लागले. 2012 च्या सँडी वादळात मॅनहॅटनमधल्या त्या तिजोरीत पाणी शिरलं आणि लाखो कागद भिजले. 2013 मध्ये डिस्नेनंही आपली चित्रमय सर्टिफिकेटं देणं थांबवलं.

[दृश्य : हात कागद उचलून पारदर्शक पाकिटात सरकवतात.]

तुमच्याकडे असा एखादा कागद आला तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, तिकीट सोडवू नका. आम्लमुक्त पाकिटात, उन्हापासून दूर, सपाट ठेवा. आणि स्कॅन करताना मागची बाजू विसरू नका. शेअर कोणी कोणाला विकला, ती नावं मागेच लिहिलेली असतात.