नागपूरचं ऊन, स्लॅबचं घर आणि आईचे गुडघे

मंडळी, मी ज्या घरात वाढलो ते एका ले-आउटमधलं साधं स्लॅबचं घर, मे महिन्यात रात्री अकराला पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर यायची, आई खाटेवर ओली चादर टाकायची आणि शेवटी सगळे गच्चीवर झोपायला जायचो. वाटायचं नागपूर आहे, असंच असणार. मग एका उन्हाळ्यात सेवाग्रामला बापूकुटीत जाऊन बसलो. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हाच्या काळातली ती मातीची कुटी, वर कवेलू, बाहेर ओसरी, त्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही.

सगळ्यांनी मातीचीच घरं बांधा असं मी म्हणत नाहीये. पण ऊन कुठून येतं ते पाहून बांधा, आणि नकाशा कागदावर आहे तोवरच ठरवा, कारण कागदावर भिंत सरकवायला पैसे लागत नाहीत.

आपलं शहर २१ अंश अक्षांशावर आहे, म्हणजे २६ मेच्या आसपास भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे सगळ्यात जास्त मार खातं ते छत. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती गरमी खाली सोडत राहतो. म्हणून पहिला खर्च छतावर करा, पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोज़ेक करा, तेवढं जमत नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुना मारा. त्यानंतर पश्चिमेची भिंत. चार-पाच वाजताचं ऊन तिरपं येतं, तिथे छज्जा काही कामाचा नाही, त्या बाजूला जिना, संडास, स्टोअर टाका आणि बेडरूम तिकडे देऊच नका. दक्षिणेला मात्र दोन फुटांचा छज्जा पुरतो, उन्हाळ्यात खिडकीवर सावली देतो आणि डिसेंबरमध्ये सूर्य ४५ अंशावर उतरला की ऊन आत येऊ देतो. एवढं केलं की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कुलर छान चालतो, फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर नुसता दमटपणा वाढतो. सोलर जरूर लावा, ३ किलोवॅटला केंद्राची ७८,००० रुपये सबसिडी आहे, पण आधी गरमी अडवा.

विटांचं म्हणाल तर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख आपल्या दारातच आहे, फ्लाय अॅशच्या विटा सरळ आणि एकसारख्या येतात, त्यात रॅट ट्रॅप बॉन्ड नावाची रचना छान बसते. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत खूप वापरली. वीट उभी लावतात, भिंतीत पोकळी राहते, जवळपास पाव विटा वाचतात आणि गरमी आत यायला वेळ लागतो. आणि तराई! आपल्याकडे कोरड्या उन्हात पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला १४ दिवस पाणी द्यावं, अशी काँक्रीटच्या भारतीय मानकातच, आयएस ४५६ मध्ये, शिफारस आहे, पण चार दिवसांनी पाइप गुंडाळून ठेवलेला मी कितीदा पाहिलाय, फार वाईट वाटतं, कारण तो स्लॅब पुढे पन्नास वर्षं उभा राहायचा असतो.

आता जोतं. २०२३ च्या सप्टेंबरात घराघरांत पाणी शिरलं तेव्हापासून सगळ्यांना जोतं उंच हवं, ते बरोबरच आहे, पण दोन फूट जोत्याला चार पायऱ्या येतात आणि ज्यांच्यासाठी घर बांधतोय ते आईवडील सत्तरीचे असतात. रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे दोन फुटांना २४ फूट लांबी. ऐकून लोक घाबरतात, पण ३० बाय ५० च्या प्लॉटवर बाजूच्या मार्जिनमध्ये तो आरामात बसतो, फक्त आधी ठरवावं लागतं, मागाहून तिथे पाण्याची टाकी नाहीतर बोअर येऊन बसतो. काळ्या मातीत रॅम्पखालीही मुरूम भरा, नाहीतर माती फुगली की तो घरापासून सुटतो. दारं ९० सेंटीमीटरची, बाथरूमचं सुद्धा, उंबरा नको, आणि एक खोली व बाथरूम खालीच.

माझ्या आईचा गुडघा गेला तेव्हा आम्ही कमोडजवळ धरून उठायचा बार बसवायला गेलो, टाइल फुटली, मागची वीट पोकळ, बार धरेचना. म्हणून रॅट ट्रॅपची भिंत असेल तर कमोडच्या बाजूचा तेवढा भाग भरीव रचायला मिस्त्रीला आधीच सांगा, आणि टाइल लागायच्या आत त्याचा फोटो काढून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी ड्रिल कुठे मारायचं ते कळेल.