आधी रात्रीचा हिशोब, मग इन्व्हर्टर

मंडळी, सोलर बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोवॉटचा इन्व्हर्टर घेऊ?" मी उलट विचारतो, अंधार पडल्यावर तुमच्या घरात काय काय चालू असतं? याचं उत्तर बहुतेकांकडे तयार नसतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. छतावर पॅनेल आहेत, ऊन कडक आहे, म्हणून वीज गेली तरी घर चालेल, असं नाही. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या लाइनला (ग्रिडला) जोडलेला, इन्व्हर्टर बाहेरचा पुरवठा थांबला की स्वतःही बंद होतो. हा बिघाड नव्हे. लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून झटका बसू नये, म्हणून त्याची रचनाच तशी असते. वीज क्वचित जात असेल आणि जादा वीज ग्रिडला देऊन योग्य मोबदला मिळत असेल, तर बॅटरीच्या वाटेला जाऊच नका. विक्रेत्यांना हे आवडत नाही, ते असो. बॅकअप हवा असेल तर ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रिड घ्या. ग्रिड पोचलेलंच नसेल तर नुसत्या पॅनेल-बॅटरीवर चालणारा ऑफ-ग्रिड.

आता हिशोब. प्रत्येकी 70 वॉटचे दोन पंखे आठ तास चालले की साधारण 1.1 युनिट. फ्रीज रात्रभरात अर्धा युनिट घेतो. दिवे आणि राउटर मिळून 0.4. झाले दोन युनिट. पण एक खाणारा राहिलाच, खुद्द इन्व्हर्टर! पाच किलोवॉटचा इन्व्हर्टर नुसता चालू राहायला 50 वॉट घेत असेल, तर बारा तासांत 0.6 युनिट गेले. फ्रीजपेक्षा जास्त. माहितीपत्रकात हा 'नो-लोड' आकडा बारीक अक्षरांत असतो, तो शोधा. "असू दे, पुढेमागे लागेल" म्हणत मोठा इन्व्हर्टर घेणारे हा भुर्दंड रोज भरतात.

म्हणजे हवेत 2.6 युनिट. लेड-ॲसिडची 12 व्होल्ट, 150 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी कागदावर 1.8 युनिटची. रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हाती येतात 0.9. शिवाय ते 150 दहा-वीस तासांत सावकाश वापरल्यावर मिळणारे. दोन तासांत ओढायला गेलात तर बरेच कमी मिळतात. तूट धरून अशा चार लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेटची 51.2 व्होल्ट, 100 एएच पेटी 5.1 युनिटची, आणि त्यातले 80 ते 90 टक्के बिनधास्त वापरता येतात. एकच पुरून उरते. रोजच्या वापराला मी लिथियमच सांगेन. वीज कधीतरीच जाते, बॅटरी एरवी भरलेलीच असते, तिथे लेड-ॲसिड अजून चालते. मात्र बॅटरीचं तापमान शून्य अंशाखाली असताना लिथियम चार्ज करायची नाही, आतून कायमची खराब होते.

युनिट पुरले तरी भार पेलला पाहिजे. त्या 100 एएच बॅटरीचा बीएमएस (बॅटरीचं रक्षण करणारं आतलं सर्किट) 50 अँपिअरलाच थांबवत असेल, तर मिळणार जेमतेम अडीच किलोवॉट. पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. 750 वॉटच्या पंपालाही क्षणभर चार किलोवॉट लागू शकतात. इन्व्हर्टरची सर्ज क्षमता (क्षणभर पेलता येणारा जास्तीचा भार) आणि बीएमएसची मर्यादा, दोन्ही तपासा.

पॅनेलचं व्होल्टेज थंडीत वाढतं. लेबलवरचा आकडा 25 अंशांचा असतो. पॅनेलची एकामागोमाग जोडलेली रांग, म्हणजे स्ट्रिंग, त्या आकड्यावरून इन्व्हर्टरच्या व्होल्टेज मर्यादेला काठोकाठ बसवली, तर कडाक्याच्या थंडीत सकाळच्या पहिल्या उन्हात इन्व्हर्टर जळू शकतो.

मागून प्रश्न आलाय: जुन्या बॅटऱ्यांत नव्या मिसळल्या तर? एका रांगेत जोडलेल्या लेड-ॲसिडमध्ये नको. कमजोर बॅटरी आधी भरते, आधी रिकामी होते; चार्जर मात्र सगळ्यांची बेरीज बघतो, त्यामुळे नव्या अर्धवटच भरतात. लिथियमच्या पेट्या समांतर वाढवता येतात, पण कंपनीनं तशी परवानगी दिली असेल, मॉडेल तेच असेल आणि जोडण्याआधी सगळ्या सारख्या भरलेल्या असतील, तरच.