शॉवरमधल्या खिडकीचा कट्टा

(दृश्य: शॉवरच्या भिंतीतली खिडकी. काचेवरून थेंब ओघळत कट्ट्यावर साचताहेत.)

शॉवरच्या भिंतीत खिडकी असली की उजेड येतो, हवा खेळती राहते. पण भिंतीवर उडालेलं पाणी ओघळून जातं, आणि इथे, खिडकीच्या कट्ट्यावर, ते थांबतं. ओल धरायला याहून सोयीची जागा अख्ख्या बाथरूममध्ये नसेल.

टाइल लावल्या म्हणजे पाणी अडलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात टाइलच्या सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी झिरपतं. ते अडवतं टाइलच्या मागचं वॉटरप्रूफिंग. हा थर भिंतीच्या कडेला तोडायचा नाही. खिडकीच्या दोन्ही बगलांवरून, कट्ट्यावरून वळवत थेट चौकटीपर्यंत न्यायचा. कोपऱ्यांत कापडी पट्टी ओल्या थरात दाबून बसवायची. पहिला हात उभा मारला असेल, तर तो पुरता वाळल्यावर दुसरा आडवा. पुढे हे काम झाकलं जातं, म्हणून घाई नेमकी इथेच होते. कृपा करून इथे घाई करू नका.

(दृश्य: कट्ट्यावर ठेवलेली पाणसळ, अगदी जवळून.)

हा बुडबुडा पाहा. एरवी तो दोन रेघांच्या मधोमध आला की गवंड्याचं समाधान होतं. इथे तो चौकटीकडे सरकून बसलाय, आणि तसाच हवा. कट्ट्याचा ढाळ शॉवरच्या बाजूला आहे: फुटाला पाव इंच, म्हणजे १५ सेंटीमीटर रुंदीच्या कट्ट्याला जेमतेम ३ मिलिमीटर. हा ढाळ खालच्या प्लॅस्टरमध्येच काढावा, म्हणजे वॉटरप्रूफिंगलाही तोच मिळतो.

कट्ट्यावर शक्यतो ग्रॅनाइटची एकसंध पट्टी बसवा. मधे सांधाच राहत नाही. ती भिंतीच्या टाइलपेक्षा थोडी पुढे काढून खालच्या अंगाला खाच पाडली, की पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच टपकतं. आधी कट्टा, मग त्याच्यावर बगलांच्या टाइल. टाइलची आखणी मात्र खिडकीपासूनच सुरू करा, नाहीतर एका बाजूला बोटभर चिंधी उरते.

जुनी लाकडी चौकट असेल, तर ती टाइलच्या कामाआधीच बदललेली बरी.

चौकट आणि टाइल यांच्यात ३ ते ५ मिलिमीटरची फट ठेवून सिलिकॉन भरा. उन्हात चौकट फुगते, गारठ्यात आकसते. ताठ ग्राउट तिथे तडकतं, सिलिकॉन ताणलं जातं. चौकटीत पाणी निघायला बारीक छिद्रं असतात, ती मोकळी राहू द्या.

(दृश्य: वॉटरप्रूफिंग झालेला उघडा कट्टा. एक हात तांब्यातून पाणी ओततो.)

ही परीक्षा टाइल लावण्याआधी घ्यायची, वॉटरप्रूफिंग पुरतं वाळल्यावर. पाणी चौकटीपाशी जरा जरी रेंगाळलं, तरी तेवढा भाग खरवडून ढाळ पुन्हा काढता येतो, त्यावर वॉटरप्रूफिंगही पुन्हा करता येतं. आज हे थोडक्यात आटोपणारं काम आहे. ग्रॅनाइट बसल्यावर तेच करायचं, तर अख्खा कट्टा फोडावा लागेल.