डायल सोडा, मशीन पाहा

नमस्कार राजेहो! लग्नसराई आली की आमच्या तालुक्याच्या बाजारात नवरदेवांच्या मनगटावर रोलेक्स दिसाले लागतात, कोणाले सासऱ्यानं दिलेली असते तर कोणाच्या मित्रानं दुबईहून आणलेली. डायल पाहून मी काहीच बोलत नाही बाप्पा, डायलवर कोणीबी काहीबी छापते. मशीन पाहिल्याबिगर घड्याळ खरं का खोटं सांगता येत नाही.

रोलेक्सच्या सबमरिनर मॉडेलचा सेकंदकाटा टिकटिक उड्या मारत असंल तर आत सेल आहे, विषय संपला. रोलेक्सनं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवरची घड्याळं काढली होती खरी, पण सबमरिनर त्यात कधीच नव्हती. सबमरिनरच्या मागच्या झाकणाले काच असंल तरी हात जोडा. पण काटा गुळगुळीत फिरते म्हणून माल असली, असं काही नाही हं, कारण 1988 मध्ये आलेलं रोलेक्सचं 3135 मशीन तासाले 28,800 ठोके देते म्हणजे सेकंदाले 8, अन् ईटीए या स्विस कंपनीच्या 2824 मशीनच्या चायनीज नकलाबी तेवढेच देतात.

म्हणून झाकण काढलं की रोटर, म्हणजे हात हलला की फिरणारी अर्धगोल तबकडी, बाजूले सारा अन् आयग्लास (डोळ्याले लावायचं भिंग) लावून बॅलन्स व्हील, म्हणजे मागंपुढं डोलणारं चाक पाहा. 3135 मधी व्हीलवरून एक पट्टी आरपार जाते, दोन्ही टोकांले स्क्रू. 2824 च्या जातीत पट्टी एकाच बाजूनं धरलेली, अन् तिच्यावर वेळ पुढंमागं करायची बारीक दांडी, जवळ प्लस-मायनसची खूण. 3135 मधी ही दांडीच नाही! तिथं व्हीलच्या आतल्या कडेले बारीक नट असतात, मायक्रोस्टेला म्हणतात त्याले, ते स्पेशल चावीनं फिरवून वेळ जुळवतात. असली 3135 सारखी रोटरखाली लाल चाकं दिसली म्हणून भुलू नका, रंग देणं सोपं आहे.

आता खरी डोकेदुखी. भारी कॉपीत आरपार पट्टीबी असते, नटबी दिसतात, कधी कधी निस्ते शोभेचे. तिथं मी स्क्रूच्या खाचा अन् पट्टीच्या कडा पाहतो, खरबरीत असल्या की मले शंका येते, पण नुसत्या नजरेवर पैजबी लावत नाही, सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरले दाखवा म्हणतो.

अन् घरी चाकूनं झाकण उघडू नका बरं. ते आट्याचं असते, खाचांची चावी लागते, आतली रबरी रिंग वाकडी बसली तर पहिल्याच पावसात काचेखाली वाफ धरते. सेकंडहँड घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी, विकणाऱ्यासमोरच, घड्याळवाल्याकडून उघडून पाहा.