डोंगरावरची चाकोरी

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय लांबलचक छापलाय, ‘सार्वजनिक जमिनीवरील वाहनवाटांचे आंतरविभागीय व्यवस्थापन’. माझ्यापुरतं त्याचं नाव चाकोरी. बैलगाडीच्या चाकांनी मातीत पडलेल्या दोन रेघा म्हणजे चाकोरी. लेकरांना आपण ‘चाकोरीबाहेरचं काही करा’ म्हणतो. करावं त्यांनी, जरूर करावं, पण जीप घेऊन डोंगर चढताना नको. जुन्या गाडीवानानं लोखंडी धावेखाली एकच पट्टा झिजवला, म्हणून बाकीचा माळ गुरांना आणि टिटवीच्या अंड्यांना राहिला. इथं कितीजणांनी बैलगाडी हाकलीय? वर करा हात. बघा, मागच्या रांगेतच आहेत सगळे!

आता आमच्या उताराचं सांगतो. गावाच्या वर बालाघाटाचा एक उघडाबोडका उतार आहे. खाली काळा पाषाण, वर वीतभर मुरूम, त्यात कुसळी. तिथं आम्ही उन्हाळाभर समतल चर खोदले. पहाटे पाचला डोंगरावर, ऊन तापायच्या आत खाली. बायाबापड्या होत्या, शाळेतली पोरं होती. चराची पातळी सगळीकडे एक लागते, कारण पाणी त्यात थांबून जिरलं पाहिजे. चराची भर, म्हणजे त्याच्या खालच्या काठावर रचलेली माती, एका जागी फुटली की अख्ख्या चराचं पाणी त्याच तोंडातून धावतं.

मृगाचा पहिला पाऊस झाला आणि त्या रविवारी शहरातून जीपगाड्या आल्या. ओल्या उतारावर सरळ वर चढल्या. प्रत्येकीनं स्वतःची वेगळी वाट पाडली आणि तीन ठिकाणी भर कापली गेली. पुढच्या पावसात पाणी चाकांच्या खुणेनं खाली आलं. पोळ्यापर्यंत तिथं गुडघाभर घळ पडली होती आणि मुरूम खालच्या एका विधवा बाईच्या सोयाबीनमध्ये जाऊन बसला होता. मला आजही तो उतार बघवत नाही.

मी अर्ज घेऊन निघालो. पहिल्या कचेरीत म्हणाले, हा गट आमच्याकडं नाही, महसुलात जा. तिथं सांगितलं, गायरान आहे, ग्रामपंचायतीत बघा. ग्रामपंचायतीत कळलं, वरचा भाग तर वनाचा. शेवटी गावनकाशा पसरून बसलो. ती खूण गायरानात सुरू होते, वनात शिरते, परत गायरानात उतरते. जो तो आपल्या हद्दीपुरतं बरोबर बोलत होता आणि अख्ख्या वाटेचं कुणीच बोलत नव्हतं. त्या गाड्यांतला एक मुलगा पुढं भेटला. म्हणाला, “काका, तिथं पाटी कुठं होती?” खरं होतं त्याचं. पाटी लावायची कुणी, हेच ठरलेलं नव्हतं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं राहिलीत. मुद्द्यावर येतो.

१९७२ म्हटलं की आपल्याला खडीची कामं आणि सुकडी आठवते. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेत अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनीवर रस्ता सोडून फिरणाऱ्या वाहनांबद्दल आदेश काढला. कुठल्या वाटा खुल्या, कुठल्या बंद हे ठरवा. माती, वन्यजीव आणि इतर लोकांना होणारा त्रास कमीत कमी ठेवा. तिकडं वनसेवा शेतीखात्यात आणि माळरानं सांभाळणारं खातं वेगळं, म्हणजे दुखणं आपल्यासारखंच. २००५ साली वनसेवेनं नियम केला, की नकाशावर खुली दाखवलेली वाटच खुली आणि बाकी सगळं बंद. तो नकाशा फुकट मिळतो. आपण एवढं एक उचललं तरी पुरे.

अभयारण्यांचा प्रश्न कायद्यानं सोडवलेला आहे. गौताळा, येडशी-रामलिंग, नायगाव मयूर, कुठंही परवानगीशिवाय शिरता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. घोळ आहे तो गायरानाचा आणि साध्या वनजमिनीचा. तिथं वन, महसूल, जलसंधारण, भूमी अभिलेख आणि ग्रामपंचायत यांनी एका टेबलावर, एका कागदावर वाटा आखाव्यात. नवीन वाट नकोच. जुन्या गाडवाटा आणि शिवरस्ते आहेत, त्यातल्याच निवडाव्यात. चर जिथं आडवा येतो ती वाट बाद. मृगापासून दिवाळीपर्यंत सगळं बंद. पाटीवर सगळ्या खात्यांची नावं हवीत आणि तक्रारीला फोन नंबर एकच. गाड्यांच्या क्लबांनाही बैठकीला बोलवा. त्या मुलानं नंतर आमच्यासोबत दोन दिवस भर बांधायला फावडं धरलं होतं.

अध्यक्ष उठायला लागलेत, थांबतो. बाहेरच्या टेबलावर तालुक्याचा नकाशा ठेवलाय, बाजूला पेन्सिली आहेत. मागच्या रांगेतल्यांनी आधी जावं आणि आपल्या शिवारातली गाडवाट कुठून कुठं जायची, तेवढी रेघ ओढून द्यावी.