मोनॅडनॉकची भिंत कुणाची?

मित्रहो, आज मी शिकागोच्या मोनॅडनॉक या ऑफिस-इमारतीच्या एकाच भिंतीबद्दल बोलणार आहे. पण आधी ती उभारणाऱ्या दोघा वास्तुविशारदांची ओळख करून द्यायला हवी.

डॅनियल बर्नहॅम हार्वर्ड आणि येल, दोन्हींच्या प्रवेशपरीक्षांत नापास झालेला. माणसं जोडण्यात मात्र वाकबगार. जॉन वेलबॉर्न रूट न्यूयॉर्कमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला, ऑर्गन वाजवणारा, हातात पेन्सिल आली की रमून जाणारा. एकाच कार्यालयात नोकरी करताना ओळख झाली आणि १८७३ मध्ये दोघांनी भागीदारी केली. १८७१च्या आगीत शहराचा मध्यभाग बेचिराख झाला होता. जमिनीचे भाव चढत होते आणि लिफ्टमुळे वरचे मजलेही भाड्याने जाऊ लागले होते.

अडचण होती ती जमिनीची. शिकागोच्या पोटात मऊ चिकणमाती, खडक फार खोल. भार पेलायला दगडांचे पिरॅमिडसारखे पाये रचावे लागत आणि ते अख्खं तळघर खाऊन टाकत. १८८२च्या सुमारास, दहा मजली माँटॉक ब्लॉकसाठी, रूटने रेल्वेचे रूळ आडवे-उभे रचून काँक्रीटमध्ये गाडले. पाया पसरट आणि पातळ झाला, तळघर मोकळं झालं. रूटला नुसता कलावंत म्हणणाऱ्यांनी हे रूळ आठवावेत.

आता मोनॅडनॉक. मालक बॉस्टनचे पीटर आणि शेपर्ड ब्रूक्स हे बंधू. पीटर ब्रूक्स हिशेबी गृहस्थ: दर्शनी भागावर बाहेर आलेली नक्षी नको, तिच्यावर धूळ आणि कबुतरं बसतात. रूटच्या सुरुवातीच्या आराखड्यांत इजिप्शियन वळणाची सजावट होती. असं सांगतात, की रूट सुट्टीवर असताना बर्नहॅमने ऑफिसातल्या ड्राफ्ट्समनला सरळसोट, बिनअलंकाराचा दर्शनी भाग काढायला लावला. परत आल्यावर रूट आधी बिथरला. मग हळूहळू त्याच साधेपणाने त्याला झपाटलं.

त्यानंतर त्याने काय केलं, ते नीट पाहा. सोळा मजली विटांची भिंत, बुंध्याशी सहा फूट जाड. पहिल्या मजल्याच्या वर ती अलगद आत वळते, सरळ चढत जाते आणि माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते. इमारतीचे कोपरे खाली धारदार. वर जाता जाता ती धार कापली जाते आणि कापलेला भाग रुंदावत जातो. नेहमीच्या विटेने हे साधत नाही, त्यासाठी वेगळ्या आकाराच्या विटा पाडून घ्याव्या लागल्या. नक्षीचा खर्च वाचवायला निघालेल्या मालकाला विटेतच घडवलेलं शिल्प मिळालं. ब्रूक्सचा नकार, बर्नहॅमची धिटाई आणि रूटचा हात, यांतलं एक जरी काढलं तरी ही भिंत अशी होत नाही. म्हणून श्रेय एकट्या रूटला देणारी पुस्तकं मला अपुरी वाटतात.

वजनाची किंमत मोजावीच लागली. इमारत आठेक इंच खचेल असं धरलं होतं; ती सुमारे वीस इंच खचली. इतक्या जाड भिंतींमुळे तळमजल्यावर भाड्याची जागाही गेली. रूटचा भाग उत्तरेचा. १८९३ मध्ये होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्या वास्तुविशारदांनी दक्षिणेचा निम्मा भाग बांधला तो पोलादी सांगाड्यावर. जॅक्सन बुलेव्हार्डकडून डिअरबॉर्न स्ट्रीटने दक्षिणेकडे चालत गेलात, तर एकाच इमारतीत भार पेलणारी जाड भिंत आणि पोलादी सांगाडा, दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात.

रूट जानेवारी १८९१ मध्ये न्यूमोनियाने गेला, तेव्हा तो ४१ वर्षांचा होता. शिकागोत भरणाऱ्या कोलंबस जागतिक प्रदर्शनाची आखणी ऐन रंगात आली होती. बर्नहॅमने प्रदर्शन पार पाडलं, न्यूयॉर्कची फ्लॅटआयर्न इमारत त्याच्याच कार्यालयातून १९०२ मध्ये उभी राहिली आणि १९०९ मध्ये शिकागोचा नगरविकास आराखडा त्याने वास्तुविशारद एडवर्ड बेनेटबरोबर मांडला. कार्यालय पुष्कळ वाढलं, हाताखाली कसबी माणसं आली. पाटीवर मात्र ‘डी. एच. बर्नहॅम अँड कंपनी’ एवढंच राहिलं. रूटच्या जागी दुसरं नाव चढलं नाही.