मार न लागता फुटलेली पाणथरी

(दृश्य : द्राक्षबाग, सकाळ, कात्र्यांचा आवाज)

ऑक्टोबर. निफाड-दिंडोरीकडे गोडी छाटणी जोरात आहे. पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या टोळ्या उतरल्यात. डासही आहेतच.

समजा, यातल्या एका तरुणाला चार दिवस थंडी वाजून ताप आला. गोळ्या घेतल्या, ताप उतरला, गडी पुन्हा कामावर. दुपारी डाव्या बरगडीखाली कळ आली आणि डाव्या खांद्याचं टोक दुखू लागलं. ‘कात्री चालवून खांदा भरलाय,’ तो म्हणतो. मुकादम बाम देतो. थोड्या वेळानं गडी वाफ्यातच खाली बसतो, अंगाला दरदरून घाम.

(दृश्य : पोटाचं रेखाचित्र)

पाणथरी, म्हणजे प्लीहा, वजनाला साधारण दीडशे ग्रॅम. हिवतापात ती फुगते, आवरण ताणलं जातं. मग ती फुटायला जोराचा खोकला किंवा उलटीही पुरते. कधी तेवढंही निमित्त लागत नाही. डेंग्यूत आणि रक्ताच्या कर्करोगातही असं क्वचित घडतं. पोटात सांडलेलं रक्त श्वासपटलाला डिवचतं. त्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. डॉक्टर याला ‘केर यांचं लक्षण’ म्हणतात. सगळ्यांत दिसतंच असं नाही, पण विचारायला काय जातं?

कारण इथे फसगत ठरलेली. पडला नाही, मार नाही, मग शंका कुणाला येणार? कधीकधी ॲसिडिटीवर भागवलं जातं. सुरुवातीला हिमोग्लोबिनही बरं दिसतं. तरुणाचं बीपीही बराच वेळ टिकतं. नाडी मात्र आधीच पळू लागते.

(दृश्य : सोनोग्राफीचा पडदा)

प्लीहेभोवतीची ही काळी पट्टी पाहा. ते मोकळं रक्त. ही तपासणी खाटेवरच होते. रुग्ण स्थिर असेल तर पुढे कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध, देऊन सीटी स्कॅन. बीपी ढासळत असेल तर सीटीच्या नादी न लागता रक्त चढवत थेट ऑपरेशन थिएटर.

प्रत्येकाची प्लीहा काढावीच लागते असं नाही. स्थिर रुग्णाला आयसीयूत डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. जिथे सोय आहे तिथे जांघेतून नळी घालून रक्तवाहिनी आतूनच बंद करतात. हिवतापाचा इलाज सोबत चालूच.

काढावी लागलीच, तर साधारण दोन आठवड्यांनी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंविरुद्धच्या लसी. गावी परतल्यावर मच्छरदाणी, कारण प्लीहेविना हिवताप जास्त भडकू शकतो. आणि साधा वाटणारा तापही अंगावर काढायचा नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.